मातीले हात

२४ सप्टेंबर १९६१, वडनेर

रंगराव गुरुजीनं ही डायरी देली. मागच्या सालची हाये, तारखा जुळतात पण वार चुकतात. म्हणे, "कडूबा, तू नांदुऱ्याले जाऊन राह्यला तं रोजचं लिहत जा. शुद्ध लिही." मी म्हटलं हाव. पण शुद्ध लिहायले बसलो की सांगायचं काय तेच मी विसरतो, म्हून जसं बोलतो तसंच लिहीन. गुरुजीले दाखवायची नाही.

गोष्ट अशी हाये. नांदुऱ्याच्या जिनिंग मिलनं कबड्डीचा संघ काढला. मिलच्या नावानं खेळायचं अन् मिलमधीच नोकरी, बाराही महिने, सीझन सरला तरी. बारा गडी घेणार. त्यातल्या दहा जणाइले अमरावती, अकोला, यवतमाळले कार्डं गेली की या म्हून. राह्यल्या दोन जागा. त्या जो आपल्या पायानं येईन त्याच्यासाठी. मले कार्ड आलं नाही. येणार तरी कसं, वडनेरात कोणी एक कडूबा डावा कोपरा सांभाळते अन् आलेल्या गड्याचा घोटा धरते, हे मिलवाल्याइले सांगणार कोण.

बाबा वांग्याच्या वाफ्यात होते. त्याइले विचारलं तं त्याइनं आधी एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवलं. मंग म्हणे, "जा. एकडाव जा. घेतलं तं खेळ. नाही घेतलं तं दिवाळीच्या पाडव्यापासून विहिरीवरचा मळा तुह्याकडं. मंग खेळाचं नाव काढायचं नाही." चोवीस वर्षांचा झालो मी, बाबाचं काही चुकत नाही. मळाही वाईट नाही. पण पाडव्यापासून माह्या साऱ्या सांजा पाणी वळण्यात जातीन अन् पलीकडच्या पटांगणात पोट्टे खेळत राह्यतीन, हे मनात आलं अन् भाकर काही गोड लागली नाही.

मायनं भाकरी अन् जवसाची चटणी बांधून देली. म्हणे, "पडू नको कुठी." माह्या आधीचे दोघं जगले नाहीत म्हून तिनं माहं नाव कडूबा ठेवलं, नजर लागू नये म्हून. एवढा घोडा झालो तरी तिचं भेव काही गेलं नाही.

२५ सप्टेंबर, नांदुरा

सायकलवर टांग मारून निघालो, उन्हं तापायच्या आत मिलच्या फाटकात. कार्डवाले गडी क्वार्टरात राह्यतात. लोखंडी खाटा, सकाळी दूध अन् दोन अंडे. आम्ही बिनकार्डाचे तेवीस जण कापसाच्या रिकाम्या गोदामात, बारदान्यावर. अंगाले सरकी टोचते. खायचं घरचं. मले राग आला नाही असं नाही, पण अंडं मी तसंही खात नाही.

फाटकापाशी एक काळा फळा हाये. सीझनमधी त्यावर कापसाच्या गठाणीचा आकडा लिहितात म्हणे. सध्या त्यावर आमची तेवीस नावं हायेत. संघाले शिकवायले उत्तमराव मास्तर म्हून ठेवले हायेत, बारीक माणूस, पायात कॅनव्हासचे बूट. ते रोज सांजी ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी येतात अन् ज्याचं जमलं नाही त्याचं नाव पुसतात.  नाव पुसलं की सकाळच्या मोटारीनं घरी. कार्डवाल्याइची नावं फळ्यावर लिहिलेलीच नाहीत, मंग पुसणार कोण.

माह्या बाजूच्या बारदान्यावर अमडापूरचा शेषराव हाये. अठ्ठावीसचा असन. चढाईचा गडी, एका दमात समोरचं सारं पटांगण फिरून येते. दाराजवळची त्याची जागा त्यानं मले देली. म्हणे, "मले वारा सोसत नाही, तू झोप इथं." या उकाड्यात वारा सोसत नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाह्यला. असतात एकेकाच्या तऱ्हा.

२७ सप्टेंबर

आज हसं झालं माहं.

कार्डवाल्याइच्या संगं खेळत होतो. त्याइचा एक जण चढाईले आला, त्याचं बोट माह्या कोपराले लागलं. मी वाकून मातीले हात लावला अन् रेघेबाहेर जाऊन बसलो. तं सगळे हसायले लागले. त्याइचा कप्तान पंजाबराव, अमरावतीचा, गोरागोमटा, तो आला अन् म्हणे, "काऊन गेला बे?"

म्हटलं, "लागला."

"पंचानं शिट्टी वाजवली?"

"नाही."

"मंग लागला नाही. उठ."

आता याले काय सांगावं. आमच्याकडं पंच म्हणजे ज्याले काम नसन तो म्हातारा, त्याचं अर्धं ध्यान तंबाखूत. म्हून ज्याले लागला त्यानं स्वतःच वाकून मातीले हात लावायचा अन् बाहेर जाऊन बसायचं. समोरचा एखादा गेला की मंग बाहेर बसलेला उठते, तो जित्ता झाला म्हणतात. अन् ज्यानं मारला त्यानं तोंडानं मागायचं नसते. चुपचाप उभं राहून वाट पाह्यची. मागून घेतलेला गडी म्हटलं की वर्षभर लोक तोंडावर हसतात. हे काही कोणी शिकवत नाही, पाटीवर धुळाक्षरं गिरवायच्या आधीपासून येते.

शेषराव म्हणे अमडापूरलेही असंच हाये. पंजाबराव म्हणे, "गावात करा. इथं शिट्टी वाजेपर्यंत कोणी मेलं नाही."

३० सप्टेंबर

आठ नावं पुसली आज. जानराव म्हून एक उंच गडी होता, त्याचंही पुसलं. दुपारी दोनदा मातीले हात लावून बाहेर बसला होता तो, एकडाव तं पंच दुसरीकडंच पाह्यत होता. नाव पुसलेलं पाहून त्यानं फळ्यावरच्या ओल्या जागेवर बोट फिरवलं अन् गोदामात येऊन वळकटी बांधली.

माह्या ध्यानात आलं. ही वाकायची खोड गेली पाह्यजे.

शेषरावले म्हटलं, मले मदत कर. गोदामामागं आम्ही दोघंच. तो यायचा, मले हात लावायचा, अन् मी उभं राह्यचं. पहिल्यांदा कंबर आपोआप वाकली. दुसऱ्यांदाही. तो हसून हसून बेजार. मंग म्हणे, "दात दाबून धर, त्यानं कंबर ताठ राह्यते." दहाव्यांदा जमलं. त्यानं माह्या छातीवर चापट मारली अन् मी खांबावानी उभा.

म्हटलं, आता तू कर. तं म्हणे, "मले नाही जमत हे. अन् मी चढाईचा, मले काय गरज." आळशी हाये थोडासा.

४ ऑक्टोबर

आठवड्यात दोनदा पकड केली. पंजाबरावचा घोटा धरला, तो आडवा. उठून पाठ थोपटली त्यानं. माणूस बरा हाये, बोलण्यात फक्त तोरा हाये.

७ ऑक्टोबर

फळ्यावर सहा राह्यलो.

शेषरावची बायको शालूबाई आली होती मोटारीनं, कडेवर तीनेक वर्षांची पोरगी. मिरचीचा ठेचा अन् दशम्या आणल्या. माह्या हातावरही दोन ठेवल्या. ती मले म्हणे, "भाऊजी, यंदा याइले घेतीन का हो? भावाभावाइत वावर वाटलं तं आमच्याकडं आलं एवढंसं. हे म्हणतात, यंदा शेवटचं. मी काही बोलत नाही, पण पोरगी रोज विचारते बाबा कुठी गेला." मी म्हटलं, "घेतीन वहिनी, काऊन नाही घेणार." तोंडानं असं म्हटलं, पण मनात हिशेब चालूच होता की दोनच जागा हायेत.

पोरगी शेषरावच्या मागं पळत होती. तिनं पाठीले हात लावला की तो मातीले हात लावून खाली बसायचा, मंग ती टाळ्या पिटायची. पाचपन्नास वेळा केलं असन दोघाइनं. मले तं पाहूनच कंटाळा आला.

९ ऑक्टोबर

चौघं उरलो. मी, शेषराव, एक मोताळ्याचा अन् एक मेहकरचा. उद्या शेवटचा सामना. कार्डवाल्याइचे दोन भाग केले. मी पंजाबरावकडं, डाव्या कोपऱ्यात. शेषराव समोरच्या बाजूनं. परवा सांजी दोन नावं राह्यतीन.

शेषराव म्हणे, "उद्या तू तिकडं, मी इकडं. जोर लावून खेळ बे, लाजू नको." म्हटलं, मी कायले लाजतो. आज चटणी वाटून खाल्ली.

१० ऑक्टोबर

झाला सामना. एका गुणानं आम्ही जिंकलो.

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर पुढं विसरन. उत्तरार्ध सरत आला होता, दोन्हीकडं गुण सारखे. शेषराव चढाईले आला. माह्या कोपऱ्याकडं आला, पाय लांबवला, अन् मी मागं झालो. तो वळून आपल्या बाजूले गेला. पंचानं शिट्टी वाजवली नाही. कारण लागलाच नव्हता. त्याच्या पायानं धूळ उडाली, ती माह्या पायाले लागली असन. धूळ लागली म्हणजे गडी गेला असं कुठी लिहिलेलं नाही.

तं शेषराव मधल्या रेघेपलीकडं जाऊन माह्याकडं तोंड करून उभा राह्यला. नुसता उभा. काऊन उभा होता कोण जाणे. तेवढ्यात आमचा पंजाबराव चढाईले गेला अन् उभ्या उभ्या शेषरावलेच मारून आला. त्याचं ध्यानच नव्हतं. शेषरावनं मातीले हात लावला अन् बाहेर जाऊन बसला. तोच गुण जिंकण्याचा ठरला. खेळात ध्यान समोर पाह्यजे, मी त्याले हे आधीही सांगितलं होतं.

उत्तमराव मास्तर तवा माह्याच कोपऱ्यापाशी रेघेबाहेर बसले होते, खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्याइनं मान वर करून मले पाह्यलं. मंग पुन्हा नाडीकडं वळले.

लागला नव्हता.

११ ऑक्टोबर

सांजी फळ्यापाशी गेलो. माहं नाव हाये. मोताळ्यावाल्याचं हाये. मेहकरवाल्याचं पुसलं. शेषरावचं पुसलं नाही, पण आमच्याखाली एक आडवी रेघ मारली अन् तिच्याखाली त्याच्या नावापुढं लिहिलं, राखीव, एक. म्हणजे बारातला कोणी सोडून गेला तं त्याले बोलावणं जाईन.

मी नोकरीवाला झालो. फाटकाच्या दगडावर बसलो जरा वेळ.

शेषरावनं वळकटी बांधली. उरलेला ठेचा मले देला. म्हणे, "घोटा धरताना मनगट आत वळवत जा, नाहीतर बोट मोडन." एवढंच. मी वाट पाह्यली की आणखी काही म्हणन, शिव्या देईन, काही तरी. नाही म्हटलं. वाईट वाटलं असन त्याले. त्याच्या जागी मी असतो तं मलेही वाटलं असतं, यात काय.

१३ ऑक्टोबर

क्वार्टरात खाट भेटली. दूधही भेटते. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं हाये, चालताना ठणकते. कशानं झालं कोण जाणे. गोदामाच्या उंबऱ्याले ठेचकाळलो असन.

१६ ऑक्टोबर

नख निघते की काय असं वाटते. उंबऱ्याले ठेचकाळल्याचं काही आठवत नाही.

दसरा, वडनेर

घरी आलो सणाले. मायनं ओवाळलं. गुरुजीनं साऱ्या आळीले सांगितलं होतं, आपट्याचं सोनं द्यायले माणसं दारात. बाबानं सकाळी मळ्याच्या दोन कुदळी होत्या त्यातली एक चुलतभावाले देऊन टाकली. म्हणजे मान्य केलं.

दुपारी पटांगणात सामना, दर दसऱ्याले होते तसा. सगळे मले पाह्यायले आलेले. मी डाव्या कोपऱ्यात. समोरचा चढाईले आला, त्याचा हात माह्या मांडीले लागला, चांगला थपकन. तो आपल्या बाजूले गेला अन् माह्याकडं तोंड करून उभा राह्यला.

मी उभाच.

दात दाबलेले होते माहे. कंबर ताठ. मले ठाऊकही नव्हतं मी दात दाबले म्हून. सगळे थांबले. कोणी हसलं नाही. चौदा गडी अन् भोवतालचं गाव, सगळे वाट पाह्यत. तवा मले समजलं की कशाची वाट पाह्यतात. वाकलो मी. मातीले हात लावला अन् बाहेर जाऊन बसलो. पण उशीर झाला तो झालाच.

येताना बाबा माह्या बाजूनं चालत होते. म्हणे, "पायाले काय झालं, लंगडते काऊन?"

म्हटलं, "नख गेलं."

"कशानं?"

मी सांगितलं नाही. इथं लिहितो. शेषरावच्या पायानं. लागला होता. अंगठ्यावर अंगठा, एवढा जोरात लागला की डोळ्यापुढं काजवे आले होते. मले तवाच समजलं होतं. तो रेघेपलीकडं उभा राहून माह्या वाकायची वाट पाह्यत होता, अन् मी त्यानंच शिकवल्यासारखे दात दाबून उभा राह्यलो.

२१ ऑक्टोबर, नांदुरा

आज हिंमत करून मास्तरांकडं गेलो. ते मैदानाच्या कडेले चुन्याची रेघ मारत होते. म्हटलं, "सर, शेषरावचा पाय मले लागला होता. पंचाले दिसला नाही. मी बोललो नाही."

रेघ मारता मारता म्हणाले, "मला दिसला होता."

"तुम्हाले कसा दिसला?"

"नाडी बांधत होतो ना. खाली वाकलेल्या माणसाला पायच दिसतात. चांगला दणका बसला होता."

"मंग बोलले काऊन नाही, सर?"

"मी पंच नव्हतो. तू काय करतोस ते पाहत होतो. सात वर्षं मी खेड्यातले गडी पाहतोय, कडूबा. एकाहून एक सरस. पण पंचाच्या आधी स्वतःच मातीला हात लावतात अन् जाऊन बसतात. अशांना घेऊन मोठा सामना मारता येत नाही. तू थांबलास. तेव्हाच ठरवलं, हा घ्यायचा."

म्हटलं, "म्हणजे मी पकडीमुळं नाही आलो?"

"पकडीमुळं चौघांत आलास. दोघांत त्याच्यामुळं आलास."

मी म्हटलं, शेषरावले घ्या मंग. ते उभे राह्यले, हाताचा चुना झटकला. "बारा म्हणजे बारा. तू सोडून गेलास तर त्याला कार्ड जाईल. सोडतोस?"

मी त्या चुन्याच्या रेघेकडं पाह्यत राह्यलो.  मास्तरांनी थोडी वाट पाह्यली अन् पुन्हा रेघ मारायले लागले. इतकी लाज मले कधी वाटली नव्हती, अन् तरी मी सोडतो म्हटलं नाही. खोटं काऊन लिहू.

२३ ऑक्टोबर

दोन दिवस झाले, पकड होत नाही. हातातून घोटे निसटून जातात.

२९ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी होती. खामगावले उतरून चिखलीची मोटार धरली अन् अमडापूरले गेलो. वाटेत ठरवलं होतं, त्याले म्हणतो की माही जागा घे. मोटारीत बसलो तवा पक्कं ठरलं होतं. उतरलो तवा तेवढं पक्कं राह्यलं नव्हतं, पण तोंडापर्यंत आलेलं म्हणून टाकायचंच असं मनाशी घेतलं.

शेषराव अंगणात भुईमुगाचे वेल पुढ्यात घेऊन शेंगा तोडत बसला होता, शालूबाई बाजूले. मले पाहून म्हणे, "ये बे मिलवाल्या. पाणी आण वं याले."

पाणी प्यालो अन् उभ्याउभ्याच म्हटलं, "लागला होता."

"मले ठाऊक हाये. मीच मारला होता."

"मंग बोलला काऊन नाही?"

"मी काऊन बोलू? बोलायचं तुह्याकडं होतं."

शालूबाईचा हात थांबला होता. तिनं माह्याकडं पाह्यलं नाही, शेंगाइकडंच पाह्यत राह्यली. यापेक्षा ती चार शब्द बोलली असती तं बरं झालं असतं. मी म्हटलं, "माही जागा घे तू. मी सोडतो. मास्तर म्हणतात तुले कार्ड येईन."

शेषरावनं दोनचार शेंगा तोडून टोपल्यात टाकल्या. मंग म्हणे, "तू देणार अन् मी घेणार? मागून घेतलेल्या गड्यापेक्षाही वाईट ते. नको. उद्या माह्या पोरीले कोणी म्हणन, तुह्या बापाले कडूबानं दयेनं लावलं. फळ्यावरून येईन तं येईन, नाहीतर राह्यलं." अन् जरा थांबून म्हणे, "पण तुहं एक काम राह्यलं हाये."

त्यानं उठून टाचेनं अंगणात एक रेघ ओढली. पुन्हा जाऊन बसला अन् माह्याकडं तोंड करून पाह्यत राह्यला. तसाच, जसा त्या दिवशी रेघेपलीकडं उभा होता.

मी वाकलो. मातीले हात लावला. रेघेबाहेर जाऊन बसलो.

तो शेंगा तोडत राह्यला. माह्याशी बोलला नाही, शालूबाईशी बोलला, वेल ओला हाये म्हणे, उन्हात टाकावा लागन. रस्त्यानं जाणारे येणारे पाह्यत होते की हा कोण पाव्हणा मातीत बसला. बसलो मी. तास तरी गेला असन. पहिल्यांदा लाज वाटली, मंग काहीच वाटलं नाही, मंग जरा बरं वाटायले लागलं. 

मंग त्याची पोरगी घरातून पळत आली अन् तिनं बापाच्या पाठीले हात लावला. शेषराव वाकला, मातीले हात लावला.

"घ्या," म्हणे, "मी गेलो. उठ बे कडूबा, जित्ता झाला तू."

मले रडू आलं. लिहायले लाज वाटते पण आलं. शालूबाई उठून आत गेली अन् म्हणे, "हात धुवा दोघंही, भाकर होऊन राह्यली." वांग्याची भाजी होती. आमच्या वांग्याची चव नाही तिले, पण दोन भाकरी खाल्ल्या.

निघताना शेषराव मोटारीपर्यंत आला. म्हणे, "खेळ. खेळ सोडू नको. फक्त दात दाबत जाऊ नको, दाढा खराब होतात."

९ नोव्हेंबर

पाडवा. मळा चुलतभावाकडं गेला. मी मिलमधी. पकड पुन्हा यायले लागली.

१९ नोव्हेंबर, अकोला

मिलच्या नावाचा पहिला सामना. अंगात निळी बंडी, पाठीवर चार आकडा. माणसं ही एवढी.

उत्तरार्धात समोरचा चढाईले आला. मी घोटा धरायले झेपावलो, हुकलो, अन् जाताजाता त्याचं बोट माह्या खांद्याले लागलं. लागलं म्हणजे टेकलं. पंच पलीकडच्या कोपऱ्यात पाह्यत होता, शिट्टी वाजली नाही. त्या गड्यालेही समजलं नसन.

काही ठरवलं नव्हतं मी. खरं सांगतो, मनात काहीच नव्हतं, ना शेषराव ना कोणी. कंबर आपोआप वाकली. मातीले हात लावला अन् बाहेर जाऊन बसलो. पंजाबराव ओरडला, "काऊन गेला बे, काऊन?" लोकाइले आधी समजलं नाही, मंग एका बाजूनं टाळ्या वाजल्या, दुसऱ्या बाजूनं हसले. दोन गुणानं हरलो आम्ही. माह्यामुळंच हरलो असं नाही, पण एक गुण माहाच.

सामना संपल्यावर सगळे पाणी प्यायले गेले. मास्तर माह्यापाशी येऊन बसले, वाकून बुटाची नाडी बांधायले लागले. नाडी बांधलेलीच होती, त्याइनं सोडून पुन्हा बांधली.

म्हणाले, "एकदा झालं. सोडून देतो. अजून एकदा असं केलंस तर नाव पुसेन मी, कडूबा. चांगली पकड आहे म्हणून थांबणार नाही."

म्हटलं, "हाव सर."

"तुला गंमत वाटते. नोकरी जाईल. गावी परत जावं लागेल. अन् तुझ्या जागी राखीवमधलं पहिलं नाव येईल. कुणाचं आहे ठाऊक आहे ना?"

मी त्याइच्या तोंडाकडं पाह्यलं. म्हटलं, "हाव सर. ठाऊक हाये."